आधी उकल, मग गुंता

पूर्वी डॉक्टरांकडून पातळ औषधाची जी बाटली मिळत असे, तिच्या अंगावर कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस, आणि बाटली खिडकीतून हातात देताना कंपाउंडर न चुकता बजावीत असे की, औषध घेण्यापूर्वी बाटली नीट हलवा. हे बजावणे केवळ सवयीचे नव्हते. मिश्रणातले काही घटक पाण्यात पुरते विरघळलेले राहत नाहीत, ते हळूहळू तळाशी बसतात. बाटली न हलवता वरचे वरचे औषध घेत गेले, तर आधीचे सगळे डोस मिळमिळीत आणि शेवटचा तेवढा भलताच कडक, असा प्रकार होऊ शकतो. त्या औषधात अल्प प्रमाणात उपयोगी पडणारे एखादे विष असेल, तर हा शेवटचा डोस जिवावर बेततो.

ही माहिती गुपित नव्हे. औषधाच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ती असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नैऋत्य इंग्लंडमधल्या टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी, जखमी सैनिकांसाठी उघडलेल्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधे तयार करण्याच्या कामावर असलेल्या एका तरुणीलाही ती होती. कुचल्याच्या, म्हणजे कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांतून निघणारे स्ट्रिकनीन त्या काळी शक्तिवर्धक औषधांत अगदी थोडे घालीत असत. अशा औषधात ब्रोमाइड हे झोप आणणारे क्षार मिसळले की स्ट्रिकनीन तळाशी साचते. गुन्हेगाराचे नाव न सांगता एवढे सांगायला हरकत नाही की, त्या तरुणीची, म्हणजे पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजलेल्या ॲगाथा ख्रिस्ती यांची १९१६ मध्ये लिहिलेली पहिली कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे. अनेक प्रकाशकांनी ती परत केली. शेवटी ती अमेरिकेत १९२० मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९२१ मध्ये निघाली, तेव्हा औषधनिर्मात्यांच्या एका व्यावसायिक नियतकालिकाने विषाचा तपशील बिनचूक असल्याबद्दल तिची दखल घेतली. त्या स्तुतीचा ख्रिस्ती यांना फार अभिमान होता, आणि तो योग्यच होता.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना सुचते तरी कसे, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि त्या प्रश्नात कुतूहलाबरोबर थोडी धास्तीही मिसळलेली असते. ज्याच्या डोक्यात एवढे खून शिजतात, तो माणूस घरी कसा वागत असेल? या मंडळींच्या वह्या, पत्रे आणि आत्मचरित्रे वाचली म्हणजे मात्र या धास्तीचा फज्जा उडतो. तिथे काळोख्या कल्पना फारशा सापडत नाहीत. सापडतात त्या दुकानातल्या, दवाखान्यातल्या आणि प्रवासातल्या बारीकसारीक गोष्टी, ज्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. या गोष्टींपासून कथा कशी बनते, हे पाहायचे तर आधी रहस्यकथेची घडण समजून घ्यावी लागते.

एका पोटात दुसरी

रहस्यकथा म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन गोष्टी. पहिली गोष्ट गुन्ह्याची: कोणी, का, केव्हा आणि कसे केले. दुसरी गोष्ट शोधाची: गुन्हा उघडकीस आल्यापासून उकल होईपर्यंत काय काय झाले. वाचकाला सांगितली जाते ती दुसरी गोष्ट. पहिली तिच्या पोटात दडलेली असते आणि शेवटच्या प्रकरणात ती बाहेर काढून सलग सांगितली जाते. लेखकाला मात्र पहिली गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, आणि तीही ढोबळ नव्हे, तर घड्याळ लावून.

एक घरगुती उदाहरण घेऊ. वैशाखातल्या एका दुपारी वाड्यातल्या काकूंच्या कपाटातून पाटल्यांची जोडी गेली. नेल्या त्या त्यांच्या भाच्याने. तो साडेतीनला मागच्या दाराने आला, पाटल्या घेऊन गेला आणि पाच वाजता पुढच्या दाराने, जणू आत्ताच येतो आहे अशा थाटात, पुन्हा आला. त्या दिवशी काकूंनी मागच्या अंगणात निळ्या जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातले होते. पण वळिवाचे आभाळ भरून आले म्हणून चारच्या आत सगळे उचलून घडी घालून टाकले. ही झाली पहिली गोष्ट. आता दुसरी लिहायची. तिसऱ्या पानावर काकू शेजारणीजवळ कुरकुर करतात की, मेल्या पावसाने आजच यायचे होते, चारच्या आत सगळे गोळा करावे लागले, निम्मे पापड ओलेच राहिले. वाचक हे पावसाचे पुराण म्हणून सोडून देतो. पुढे दहा-बारा पानांनी भाचा काकूंचे सांत्वन करताना सहज म्हणून जातो की, मावशी, लग्नातले निळे लुगडे तुम्ही पापडांखाली घातलेत, तुम्हाला कशाचीच किंमत नाही. पाच वाजता पहिल्यांदा वाड्यात पाऊल टाकणाऱ्याला लुगड्यावरचे पापड दिसले कसे? रहस्यकथेतला दुवा म्हणतात तो असा असतो. तो दोन तुकड्यांत तोडलेला असतो आणि दोन्ही तुकडे उघड्यावर ठेवलेले असतात; फक्त त्यांच्यामध्ये इतके अंतर असते आणि प्रत्येक तुकड्यावर दुसऱ्याच कशाचा तरी मुलामा असतो की वाचकाच्या मनात ते एकमेकांजवळ येत नाहीत. शेजारच्या खोलीत एक कर्जबाजारी भाडेकरू ठेवला, त्याला दुपारभर बेपत्ता केले आणि रात्री उशिरा चोरपावलांनी परत आणले, की चकवाही तयार होतो. मात्र तो भाडेकरू कुठे गेला होता याचेही लेखकाकडे खरे उत्तर हवे, नाहीतर शेवटी वाचक फसवणूक झाल्यासारखा चिडतो.

उदाहरण साधे आहे, पण त्यातून लेखनाची उलटी दिशा ध्यानात येते. पापड आधी सुचत नाहीत. आधी भाच्याची चूक कोणती हे ठरते, मग ती चूक उघडी पाडणारी वस्तू शोधली जाते, आणि मग ती वस्तू कथेत निरागसपणे नांदू लागते. अर्थात ज्याने पापड वाळत घातलेले पाहिले नाहीत, वळीव आला की घरात कशी धावपळ उडते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ही वस्तू सुचणार नाही.

या प्रकाराचा जनक मानला जाणारा अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याला आपल्याच कौशल्याविषयी शंका होती. पॅरिसमधला त्याचा बुद्धिमान शोधक १८४१ मध्ये पहिल्यांदा वाचकांसमोर आला. त्यानंतर पाच वर्षांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात पो म्हणतो की, उलगडण्यासाठीच जे जाळे आपण स्वतः विणले, ते उलगडून दाखवण्यात कसली आली हुशारी? हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण मला तो अर्धाच खरा वाटतो. उकलण्यात हुशारी नसेलही. विणण्यात ती आहे. आणि जिथे जाळे स्वतः विणलेले नव्हते, तिथे खुद्द पोची कशी तारांबळ उडाली हे पाहण्यासारखे आहे. १८४१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मेरी रॉजर्स नावाच्या तरुणीचे प्रेत हडसन नदीत सापडले आणि वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. पोने तिचे नाव फ्रेंच केले, हडसनच्या जागी पॅरिसमधली सीन नदी घातली आणि कथेतून खऱ्या गुन्ह्याची उकल करून दाखवण्याचा विडा उचलला. कथा हप्त्याहप्त्याने छापून येत असतानाच मूळ प्रकरणात वेगळीच माहिती पुढे आली आणि पुढे पुस्तकात घेताना त्याला मजकुरात डागडुजी करावी लागली. पहिली गोष्ट ठाऊक नसताना दुसरी लिहायला घेतली की असे होते.

पाहणारे डोळे

पोच्या कथा आवडीने वाचणाऱ्या आणि पुढे शेरलॉक होम्स हा शोधक निर्माण करणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांना विद्यार्थिदशेत एक जिवंत शोधक पाहायला मिळाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेताना डॉ. जोसेफ बेल हे शल्यविशारद त्यांना शिकवीत असत, आणि बाह्यरुग्ण विभागात बेल यांचा मदतनीस म्हणून डॉयल रुग्णांना एकेक करून आत पाठवीत. एकदा साध्या कपड्यांतला एक अनोळखी रुग्ण आत आला. बेल यांनी त्याला पाहिले आणि सांगितले की, तुम्ही सैन्यात होतात, स्कॉटलंडच्या हायलँड पलटणीत होतात, सुटून फार दिवस झालेले नाहीत आणि तुमचा मुक्काम बार्बाडोसला होता. सगळे बरोबर निघाले. मग विद्यार्थ्यांकडे वळून त्यांनी खुलासा केला. माणूस अदबशीर आहे, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. सैन्यात ती काढत नाहीत, आणि सुटून बरेच दिवस झाले असते तर नागरी रीत त्याच्या अंगवळणी पडली असती. त्याच्या वागण्यात हुकमत आहे आणि तो स्कॉटिश आहे हे उघड दिसते. बार्बाडोसचे म्हणाल, तर त्याची तक्रार हत्तीपायाची आहे, आणि तो रोग ब्रिटनमधला नसून वेस्ट इंडीजमधला आहे.

शेरलॉक होम्सची सारी जादू या एका प्रसंगात सामावलेली आहे. ती वैद्याची जादू आहे. रोगी सांगतो त्याच्यापलीकडे त्याचे नख, चाल आणि कपडे काय सांगतात हे पाहण्याची सवय आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही होती. डॉयल यांनी ती सवय दवाखान्यातून उचलून गुन्ह्याच्या जागी नेऊन ठेवली. त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात रुग्णांची फारशी गर्दी नसे, त्यामुळे लिहायला निवांतपणा भरपूर होता. १८८७ मध्ये होम्सची पहिली कादंबरी एका नाताळ अंकात आली आणि तिच्या सर्व हक्कांपोटी डॉयल यांना एकरकमी २५ पौंड मिळाले. योगायोग असा की ख्रिस्ती यांनाही पहिल्या पुस्तकातून मिळाले ते २५ पौंडच. रहस्यकथा लिहून पैसा करावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

डॉयल यांची ही नजर खरोखर कामाला आली ती एका वेगळ्याच प्रसंगी, आणि त्या प्रसंगाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले शापूरजी एदलजी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातल्या एका खाणकामगारांच्या गावी पाद्री म्हणून राहिले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकिली करीत असे. रात्री शेतात शिरून जनावरांना जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन वर्षांनी त्याला सोडले, पण निर्दोष म्हणून नव्हे. त्याने डॉयल यांना गाऱ्हाणे कळवले. ठरलेल्या वेळी डॉयल लंडनच्या हॉटेलात पोचले तेव्हा जॉर्ज दालनात वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद त्याने डोळ्यांच्या अगदी जवळ आणि किंचित तिरका धरला होता. डॉयल यांनी नेत्रवैद्यकाचा अभ्यास केला होता. दृष्टी किती अधू आहे हे त्यांना बोलणे सुरू होण्याआधीच कळले. असा माणूस काळोख्या रात्री शेते आणि रुळांचे जाळे ओलांडून जनावरापर्यंत पोचला कसा, हा प्रश्न घेऊन त्यांनी १९०७ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात लेख लिहिले. मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली, नुकसानभरपाई मात्र एका पैशाचीही मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, त्यामागच्या कारणांत या प्रकरणाचाही वाटा होता. पापडांच्या गोष्टीतली वस्तू इथे तिरके धरलेले वर्तमानपत्र आहे. फरक एवढाच की ती कोणा लेखकाने तिथे मांडून ठेवलेली नव्हती.

त्र्याहत्तर वह्या

ख्रिस्ती यांच्याकडे परत येऊ, कारण रहस्यकथाकाराचे रोजचे काम कसे चालते याचा इतका उघडा पुरावा क्वचितच कोणी मागे ठेवला असेल. त्यांच्या ७३ वह्या आज उपलब्ध आहेत. त्या बहुतेक साध्या शाळकरी वह्या आहेत आणि त्यांच्यात शिस्त नावाला नाही. एका वहीत एका कादंबरीची टिपणे सुरू होतात, मध्येच दुसऱ्या नाटकाची, मग कोणती खरेदी करायची त्याची यादी येते, आणि पहिल्या कादंबरीचा उरलेला भाग भलत्याच वहीत, काही वर्षांनंतरच्या पानावर मिळतो. हाताशी येईल ती वही उघडायची आणि कोऱ्या पानावर लिहायला लागायचे, असा एकूण खाक्या. आपल्याकडे दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर पाककृती लिहिलेली असते, तसाच हा प्रकार.

त्या वह्यांतला मजकूर वाचताना एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. आपण वर म्हटले की लेखकाला उत्तर आधी ठाऊक असावे लागते. ख्रिस्ती यांच्या वह्यांत मात्र खुनी कोण हेच कित्येकदा ठरलेले नसते. हा असेल तर काय होईल, ती असेल तर काय, असे पर्याय एकाखाली एक लिहून त्या प्रत्येकाची चाचपणी करतात. प्रसंगांना अ, ब, क अशी अक्षरे देतात आणि नंतर अक्षरांचा क्रम उलटसुलट करून पाहतात. म्हणजे उत्तर आधी ठरते हे खरे, पण त्या आधीच्याही आधी एक काळ असतो, जेव्हा सगळेच संशयित लेखकाच्या दृष्टीनेही संशयित असतात. माझ्या मते त्यांच्या कथांतला चकवा इतका पक्का बसतो याचे कारण हेच आहे: ज्या पात्राला खुनी करण्याचा विचार त्यांनी स्वतः गंभीरपणे केला होता, त्याच्यावर वाचकाने संशय घेणे स्वाभाविकच ठरते.

लिहायला त्यांना खास खोली लागत नसे. आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की, पत्रकार घरी येऊन लिहिण्याच्या टेबलापाशी छायाचित्र काढू म्हणत, तेव्हा पंचाईत होई, कारण असे टेबलच नव्हते. टाइपरायटर ठेवण्यापुरती भक्कम जागा मिळाली की झाले; शयनगृहातले संगमरवरी माथ्याचे तोंड धुण्याचे टेबल चाले, आणि जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचे टेबलही. कथानक जुळवण्याचे काम मात्र त्याहूनही वेगळ्या ठिकाणी, म्हणजे चालताना, भांडी घासताना आणि गरम पाण्याच्या टबात सफरचंदे खात होई. हात गुंतलेले आणि डोके मोकळे, अशी अवस्था त्यांना लागत असे.

कच्चा माल कुठून येतो याचे त्यांच्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण. पहिल्या महायुद्धात बेल्जियमहून आलेले निर्वासित टॉर्कीत राहत होते. त्यांतूनच आपला शोधक निवृत्त बेल्जियन पोलीस असावा ही कल्पना निघाली. बर्फात अडकलेल्या आगगाडीवरची त्यांची विख्यात कादंबरी १९३४ ची आहे. तिच्यामागे तीन गोष्टी आहेत. १९२९ च्या हिवाळ्यात ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात हिमवादळाने कित्येक दिवस खोळंबली होती. १९३१ च्या अखेरीस त्याच गाडीने परतताना पुरामुळे रूळ वाहून गेल्याने स्वतः ख्रिस्ती अडकून पडल्या होत्या, आणि त्या खोळंब्यात सहप्रवाशांचे वागणे त्यांनी नवऱ्याला पत्रातून सविस्तर कळवले. तिसरी गोष्ट म्हणजे १९३२ मध्ये अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण आणि खून. बातमीतून हेतू मिळाला, दुसऱ्या एका बातमीतून जागा, आणि स्वतःच्या प्रवासातून माणसे. यांतली एकही गोष्ट एकटी असती तर तिची फार तर एखादी किरकोळ कथा झाली असती. पुढे पुरातत्त्वज्ञ पती मॅक्स मॅलोवन यांच्याबरोबर त्या इराक आणि सिरियातल्या उत्खननांवर राहिल्या, तिथे निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तू विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम वापरून त्यांनी स्वच्छ केल्या, आणि त्या मुक्कामांवरही कादंबऱ्या झाल्या.

एकाच धंद्याच्या निरनिराळ्या तऱ्हा

सगळेच असे वह्या भरीत बसत नाहीत. बेल्जियममध्ये जन्मलेले जॉर्जेस सिमेनॉन यांची पद्धत ऐकली तर ख्रिस्ती यांना घाम फुटला असता. ते एका खाकी पाकिटावर पात्रांची नावे, वये, पत्ते आणि नातीगोती लिहीत. कथानक लिहीत नसत, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊकच नसे. मग दार बंद करून रोज एक प्रकरण, असे दहा-अकरा दिवसांत पुस्तक पुरे. या दिवसांत ताण इतका असे की सुरुवात करण्यापूर्वी ते डॉक्टरकडून तब्येत तपासून घेत, आणि मध्येच दोन दिवस आजारी पडले तर लिहिलेली प्रकरणे टाकून देत व त्या पुस्तकाकडे पुन्हा वळत नसत. त्यांच्या पॅरिसच्या पोलीस निरीक्षकावरील ७५ कादंबऱ्या वाचताना लक्षात येते की तिथे खून कोणी केला यापेक्षा तो माणूस त्या टोकाला कसा पोचला, हा प्रश्न मोठा आहे. पहिली गोष्ट घड्याळ लावून आखण्याची गरज अशा कथेला कमी असते. अमेरिकेतले रेमंड चँडलर तेल कंपनीतली नोकरी गेल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी या धंद्यात आले. मासिकांत छापलेल्या आपल्याच कथा सांधून त्यांनी पहिली कादंबरी बेतली. तिच्यावर चित्रपट करणाऱ्यांनी मोटारीच्या चालकाचा खून कोणी केला असे विचारले, तेव्हा आपल्यालाही ठाऊक नाही असे त्यांनी कळवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सांधा कुठे उसवला ते त्यात दिसते. पण शहराचे वर्णन इतके झणझणीत आहे की वाचक चालकाला विसरून जातो.

इंग्लिश लेखिका पी. डी. जेम्स यांना जागेपासून सुरुवात करावी लागे. त्या रुग्णालयाच्या प्रशासनात आणि पुढे सरकारी गृहखात्यात नोकरीला होत्या, पती आजारी, दोन मुली. त्यामुळे लिहायचे ते भल्या पहाटे, कामाला निघण्यापूर्वी. त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण अशी: पूर्व इंग्लंडच्या एका ओसाड किनाऱ्यावर त्या उभ्या होत्या, वाळत घातलेली जाळी आणि ओढून ठेवलेल्या होड्या पाहता शंभर वर्षांपूर्वीच्या काळात असल्यासारखे वाटत होते, मान वळवली तर क्षितिजावर अणुवीज केंद्राचा प्रचंड आकार. कादंबरी त्या क्षणी सुरू झाली. गुन्हा, खुनी आणि प्रेत नंतर आले.

इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी १९३० मध्ये आपले एक मंडळ काढले होते. शोधकाने दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा लपवून ठेवलेला पुरावा यांच्या आधारे उकल करू नये, अशी शपथ नव्या सभासदाला तिथे घ्यावी लागे. शपथविधीचा थाट मौजेचा होता, आशय मात्र खरा होता: वाचकाला जे सांगितले नाही, त्यावर शेवट उभारायचा नाही.

आपल्या मुलखाचाही या हकिगतीत वाटा आहे. बंगालीतला सत्यान्वेषी ब्योमकेश बक्षी निर्माण करणारे शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात राहिले. १९३२ मध्ये जन्मलेला ब्योमकेश त्यांनी मधल्या काळात सुमारे पंधरा वर्षे बाजूला ठेवला होता; कोलकात्याच्या एका भेटीत मित्राच्या घरच्या मुलांनी, ब्योमकेशच्या गोष्टी आता का लिहीत नाही, असे विचारले तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतले. म्हणजे कोलकात्याच्या गल्लीबोळांतल्या या उत्तरकालीन कथांपैकी अनेक पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. पुण्याने त्यांना दिले ते वेगळेच: शिवकालातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. मराठीत बाबूराव अर्नाळकर या नावाने लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या वेगाने लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी नवे जाळे विणणे शक्य नसते. झुंजार, काळा पहाड, धनंजय असे ओळखीचे नायक हाताशी हवेत, म्हणजे वाचकाला त्यांची ओळख करून देण्यात पाने जात नाहीत आणि पहिल्या परिच्छेदात गोळी सुटू शकते. समीक्षकांनी त्यांना बाहेरच उभे केले, पण भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांसाठी जी झुंबड उडे, ती पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. कोड्याच्या कसोटीवर त्या कथा मोजू नयेत. त्यांची बांधणी वेगाची आहे.

टॉर्कीच्या औषधालयातली एक हकिगत सांगायची राहिली. ख्रिस्ती यांना गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे शिकायला पाठवले होते. एकदा तो गुदमार्गे द्यायच्या औषधाच्या वड्या करीत असताना दशांशचिन्ह चुकून औषधाचे प्रमाण दसपट झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्याला चूक दाखवावी तर तो मानणार नाही, आणि वड्या रुग्णांकडे गेल्या तर अनर्थ. त्यांनी ठेचकाळल्याचे सोंग करून तबक खाली पाडले आणि वड्यांवर पाय दिला. याच माणसाने एके दिवशी खिशातून एक काळपट खडा काढून दाखवला. ते क्युरारे होते, दक्षिण अमेरिकेतले बाणांना लावायचे विष. ते जवळ बाळगले की आपण सामर्थ्यवान आहोत असे वाटते, असे तो म्हणाला. चाळीसहून अधिक वर्षे हा गुबगुबीत, गुलाबी चेहऱ्याचा गृहस्थ ख्रिस्ती यांच्या डोक्यात राहिला आणि १९६१ च्या एका कादंबरीला कारण झाला. त्या कादंबरीतले विष मात्र थॅलियम आहे, आणि त्याची लक्षणे, विशेषतः केस गळणे, त्यांनी नेहमीप्रमाणे नेमकी दिली होती.

१९७७ मध्ये कतारहून एका लहान मुलीला उपचारांसाठी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणले गेले. तिच्या आजाराचे निदान डॉक्टरांना होत नव्हते. तिच्यावर लक्ष ठेवणारी एक परिचारिका फावल्या वेळात तीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळू लागलेले पाहून तिने डॉक्टरांना थॅलियमचे नाव सुचवले. तपासणीत थॅलियम सापडले, उपचार बदलले आणि मुलगी सुधारली. त्या डॉक्टरांनी पुढे वैद्यकीय नियतकालिकात या रुग्णाविषयी लिहिताना ख्रिस्ती यांचे आभार मानले. ख्रिस्ती त्याच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या.